यादीत नसलेली खुर्ची

गोदामात त्याला सगळे नंबरी म्हणायचे. आपल्या कामाचं कौतुक म्हणूनच लोकांनी हे नाव पाडलंय, असं तो बरेच महिने धरून चालला होता. नंबरी माणूस म्हणजे पक्का बिलंदर, असाही त्या शब्दाचा अर्थ होतो, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. त्या काळात स्वतःबद्दल काही वाकडं त्याच्या डोक्यात यायचंच नाही, असं आता तो स्वतःच सांगतो.

गोदाम होतं आजारी माणसांना घरी लागणाऱ्या सामानाचं. वरखाली होणारे पलंग, वॉकर, कुबड्या, हवेच्या गाद्या, आणि सगळ्यांत महाग म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्या. लांबलचक पत्र्याची शेड, पुढे करकरणारं शटर, आत लोखंडी रॅकच्या रांगा, आणि एका कोपऱ्यात काचेची केबिन. त्या केबिनमध्ये नंबरी बसायचा. गोदामप्रमुख म्हणून पाटी होती, पण ती दाराच्या आतल्या बाजूला लागली होती, त्यामुळे ती मुख्यतः त्यालाच दिसायची.

पूर्वी इथला सगळा कारभार तोंडी चालायचा. "तो उंच पलंग कुठे गेला?" "कुठे जातोय, पंख्याखाली आहे की." असं ओरडून विचारायचं आणि ओरडून सांगायचं. मग मालकीणबाईंनी सॉफ्टवेअर घेतलं. प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा नंबर, खोक्यावर त्या नंबरचं स्टिकर. माल आत आला की स्टिकर स्कॅन करायचं, बाहेर गेला की पुन्हा स्कॅन करायचं. कोणत्या नंबरची वस्तू कोणत्या रॅकवर आहे, कोणाच्या घरी गेली, कधी गेली, सगळं एका जागी. ते शिकून यायला मालकीणबाईंनी नंबरीला पाठवलं, आणि तो नुकतंच लग्न ठरलेल्या माणसासारखा चेहरा घेऊन परत आला.

त्यानंतर गोदामातल्या लोकांचं जगणं त्याने मुश्कील करून ठेवलं. स्कॅन न करता कोणी साधी कुबडी उचलली तरी हा केबिनमधून काच ठोकायचा. घरीही तेच. त्याने स्वयंपाकघरातल्या बरण्यांना स्टिकरं लावली. साखर संपली की साखर संपली म्हणायचं नाही, नंबर सांगायचा. बायको दोन दिवस गप्प बसली आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, लोक घरी येऊन सिरियल बघतात. माझ्या नशिबी सिरियल नंबर आलेत. आता मला कुठला देताय तेवढं सांगा." ती चेष्टा करत होती. त्याने मात्र क्षणभर खरोखरच विचार केला, कुठल्या मालिकेतला द्यावा.

एकदा सकाळी त्याने सगळ्यांना शटरजवळ गोळा केलं. सगळे म्हणजे पॅकिंगच्या ताई, व्हॅनचा ड्रायव्हर आणि दोघे हमाल. नुकत्याच आलेल्या बॅटरीच्या खुर्च्यांमधली दोन खोकी त्याने स्वतः फोडली, खुर्च्या बाहेर काढल्या, उलट्या केल्या.

"हे बघा. सीटखाली ही पत्र्याची पट्टी. हिच्यावर कारखान्यातला नंबर ठोकलेला असतो. तोच नंबर खोक्यावरच्या स्टिकरवर. हे दोन्ही जुळले पाहिजेत. माणूस खोटं बोलेल, नंबर बोलणार नाही."

हमालांनी मान डोलावली. ड्रायव्हरने जांभई देताना हात तोंडापुढे धरला, एवढा मान त्याने राखला. पॅकिंगच्या ताई म्हणाल्या, "झालं असेल तर भरून टाकू का परत?"

"थांबा ताई. मी भरतो. तुम्ही नुसतं बघा, कसं भरायचं ते."

ताई वर्षानुवर्षं खोकी भरत होत्या. त्यांनी हाताची घडी घातली आणि बघितलं. नंबरीने दोन्ही खुर्च्या बोलत बोलत भरल्या, बोलत बोलत टेप लावली, आणि शेवटी खोक्यावर अशी थाप मारली, जशी पैलवान कुस्ती जिंकल्यावर मांडीवर मारतो.

त्यातली एक खुर्ची पुढच्याच आठवड्यात विकली गेली. दुसरी रॅकवर राहिली.

बरेच महिने गेले. मग एक दिवस मालकीणबाई हातात मोबाईल धरून तडक केबिनमध्ये आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीचा निरोप आला होता. अमुक नंबरपासून तमुक नंबरपर्यंतच्या खुर्च्यांचा ब्रेक कच्चा आहे. सपाटीवर कळत नाही, पण उतारावर खुर्ची थांबत नाही. वापर ताबडतोब बंद करा आणि खुर्च्या परत गोळा करा.

"आता कुठे कुठे शोधायच्या?" मालकीणबाई खाली बसल्या. "सगळ्यांकडे एकसारख्याच खुर्च्या गेल्यात."

याच घडीसाठी आपला जन्म झालाय असं नंबरीला वाटलं. त्याने आधी बोटं मोडली, मग नंबर घातले, मग एक बटण दाबलं. यादी आली. कोणाच्या घरी, कुठला पत्ता, कुठला फोन, आणि गोदामात शिल्लक एक, तीही कुठल्या रॅकवर, ते सगळं. मालकीणबाई कितीतरी वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"तुम्ही होतात म्हणून," त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्याने घरी गेल्यावर बायकोला सांगितलं. जेवताना सांगितलं. झोपताना पुन्हा सांगायला लागला तेव्हा तिने दिवा घालवला.

फोन सुरू झाले. ड्रायव्हर एकेक खुर्ची गोळा करून आणू लागला. गोदामातल्या खोक्याभोवती नंबरीने लाल टेप गुंडाळली, एकदा नाही, चांगली चार-पाचदा. कोणाला काही झालेलं नव्हतं. बहुतेकांना आपल्या खुर्चीत दोष आहे हे फोन आल्यावरच समजत होतं, आणि ते आभार मानत होते. आभार ऐकून ऐकून नंबरीचा आवाजच बदलला. तो रेडिओवर बोलल्यासारखा बोलू लागला.

अशातच त्याला तो फोन आला.

"खुर्चीवाले का?" आवाज बाईचा, वयस्कर, पण मैदानाच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा खणखणीत.

"बोला."

"माझी खुर्ची उतारावर थांबत नाही. इतके महिने घरातच फिरवली, काल पहिल्यांदा अंगणात काढली. ब्रेक दाबून धरला तरी घसरत गेली आणि फाटकावर आदळली. कोपर सोलवटलंय."

नंबरीने नाव विचारलं, पडद्यावर शोधलं. नाव सापडलं, खुर्चीचा नंबर सापडला. नंबर यादीत नव्हता.

"बाई, तुमची खुर्ची यादीत नाही."

"यादीत नसेल. उतारावर होती."

"तसं नाही. ज्या खुर्च्यांच्या ब्रेकमध्ये दोष आहे त्यांचे नंबर माझ्यासमोर आहेत. तुमचा नंबर त्यात नाही. तुमचा हात चुकून पुढे जायच्या बटणावर पडला असेल. होतं असं कधी कधी, या वयात."



"मी सगळं आयुष्य लोकांना पोहायला शिकवलं," बाई म्हणाल्या. "पाण्यात हात कुठे पडला पाहिजे हे ओरडून ओरडून सांगण्यात माझा जन्म गेला. माझा स्वतःचा हात कुठे पडतो ते मला कळतं."

"हो, पण सिस्टिम—"

"सिस्टिम काल माझ्या फाटकाजवळ उभी होती का?"

नंबरी हसला. समजूतदार माणसं हसतात तसं. "निर्धास्त बसा बाई. जबाबदारी माझी," असं सांगून त्याने फोन ठेवला, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या नावापुढे शेरा टाकला: ग्राहकाचा गैरसमज. निरसन केले. 'निरसन' हा शब्द त्याला इतका आवडला की तो त्याने एकदा वाचून बघितला.

कंपनीचा मेकॅनिक खुर्च्या ताब्यात घ्यायला आला तो आठवड्याच्या शेवटी. जाडजूड, अबोल माणूस होता. हातात टॉर्च. प्रत्येक खुर्चीजवळ तो गुडघ्यावर बसायचा, सीटखाली टॉर्च मारायचा, पट्टीवरचा नंबर वाचायचा, हातातल्या यंत्रावर बोट टेकवायचा आणि पुढे सरकायचा. नंबरी त्याच्यामागे हात पाठीमागे बांधून चालत होता, लग्नघरातल्या वधूपित्यासारखा. सगळ्यांत शेवटी लाल टेपवालं खोकं आलं. ती टेप सोडवायलाच वेळ लागला.

मेकॅनिक गुडघ्यावर बसला, उठला आणि म्हणाला, "ही नाही."

"ही नाही म्हणजे?"

"खोक्यावरचा नंबर आमच्या यादीत आहे. खुर्चीवरचा नाही. खुर्ची चांगली आहे. ठेवा तुम्हाला."

नंबरी पोटावर आडवा झाला. इस्त्रीचा शर्ट, धुळीची फरशी, पण त्याला त्याचं भान राहिलं नाही. त्याने नंबर वाचला. पुन्हा वाचला. मग उठून केबिनमध्ये गेला आणि तो नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला. पडद्यावर आलं, की ही खुर्ची कित्येक महिन्यांपूर्वी विकली गेली आहे. घेणारीचं नाव, पत्ता, फोन. आणि त्याखाली त्याचाच शेरा. ग्राहकाचा गैरसमज. निरसन केले.

जी खुर्ची त्या बाईंच्या घरी असायला हवी ती समोर गोदामात उभी होती. मग बाईंच्या घरी कोणती होती?

माणूस अशा वेळी काय विचार करतो हे त्याला त्या दिवशी समजलं, आणि ते काही भूषणावह नव्हतं. पहिल्यांदा त्याला वाटलं, कारखान्यातच पट्टी चुकीची ठोकली असेल. मग वाटलं, मेकॅनिकनेच काहीतरी घोळ घातला असेल. मग वाटलं, हमालांनी. मग अगदी शेवटी, चोरासारखं, त्याच्या मनात पॅकिंगच्या ताईंचं नाव आलं, आणि त्याने काचेतून त्यांच्याकडे बघितलं. ताई तेच खोकं दुमडत होत्या. लाल टेपच्या खाली, झाकणावरची आधीची टेप कशी लावलीय ते त्या निरखत होत्या.

"ही टेप माझी नाही," त्या म्हणाल्या. "मी अशी वेडीवाकडी लावत नाही."

शटरजवळचं ते भाषण त्याला शब्दनशब्द आठवलं. दोन खुर्च्या, दोन खोकी. हे दोन्ही जुळले पाहिजेत. नंबर खोटं बोलणार नाही. नंबर खोटं बोलले नव्हतेच. बोलायच्या नादात त्याच्याच हातून या खोक्यातली खुर्ची त्या खोक्यात गेली होती. एवढ्या मोठ्या गोदामात दोन वस्तू चुकवायच्या, त्याही नंबर कसे चुकवू नयेत हे शिकवताना, यालाही एक अंगभूत कसब लागतं, असा विचार त्याच्या मनात आला, आणि मग त्याला ते सोलवटलेलं कोपर आठवलं.

त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा नुसती घंटा.

"व्हॅन काढ," तो ड्रायव्हरला म्हणाला. चावी ड्रायव्हरच्या हातात होती तरी त्याने ती खिशात शोधली, मग टेबलावर शोधली.

रस्ताभर तो फोन लावत होता. ड्रायव्हर एरवी अखंड बडबड करणारा माणूस. समजूत घालायची म्हणून तो म्हणाला, "उचलत नाहीत म्हणजे कुठे बाहेर गेल्या असतील, साहेब."

"कशात बसून?" नंबरीने विचारलं.

ड्रायव्हरने व्हॅन जरा जोरात हाकली.

बाईंचं घर चढावरच्या गल्लीत होतं, वरच्या टोकाला. बैठं घर, दारापासून फाटकापर्यंत सिमेंटची उतरण, आणि फाटकाबाहेर गल्ली आणखी खाली उतरत गेलेली. दोन घरं सोडून कोणाकडे बांधकाम चाललं होतं, तिथे वाळूचा मोठा ढीग गल्लीच्या कडेला पडला होता. व्हॅन पुरती थांबायच्या आत नंबरी खाली उतरला आणि थबकला.

फाटकाच्या अगदी आत बाई त्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, केस बारीक कापलेले, कोपराला पट्टी. आणि खुर्चीच्या पाठीमागून एक दोरी निघून घराच्या खांबाला दोन वेढे घेऊन परत त्यांच्या हातात आली होती. दोरीवर लाल-पांढरे फुगीर ठोकळे ओवलेले. तलावात पोहणाऱ्यांच्या रांगा आखायला पाण्यावर सोडतात, ती दोरी. बाई ती हातातून इंच-इंच सोडत उतरण उतरत होत्या.

"थांबा! हलू नका!" नंबरी ओरडला.

"हलत नाहीये. मी दोरी धरलीय," बाई म्हणाल्या. "पिशवीतला फोन कधीचा वाजतोय, पण दोन्ही हात दोरीत. आवाजावरून तुम्ही फोनवाले दिसता. निर्धास्त बसलेय बघा तुमच्या सांगण्यावरून."

"बाई, आधी त्यातून उठा."

"उठता आलं असतं तर खुर्ची कशाला घेतली असती?"

त्याने आणि ड्रायव्हरने मिळून बाईंना उचललं आणि फाटकाजवळच्या दगडी कट्ट्यावर बसवलं. नंबरीला बोलायचं खूप होतं. व्हॅनमध्ये त्याने वाक्यं जुळवली होती, त्यात 'तांत्रिक कारणांमुळे' असे शब्द होते. तोंडातून निघालं ते एवढंच:

"बाई, मी चुकलो. ही खुर्ची यादीतलीच आहे. खोक्यात भरताना माझ्याच हातून बदलली. ब्रेक खरंच खराब आहे."

"ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला अजून नीट माहीत नाही. बसा."

"कुठे?"

"खुर्चीत. खाली वाळू आहे, मरत नाही कोणी. बसा."

यावर नाही म्हणता आलं असतं. तो ग्राहक नव्हता, शाळकरी पोर नव्हता, पन्नाशी ओलांडलेला गोदामप्रमुख होता. पण त्या आवाजाने पिढ्यानपिढ्या भित्र्या लोकांना उंच फळीवरून पाण्यात ढकललं होतं, आणि शिवाय ही शिक्षा आपल्याला कमीच आहे असं त्याला मनातून वाटत होतं. तो बसला. ड्रायव्हरने खुर्ची फाटकाबाहेर आणली, दोरी सोडली, आणि तो नको तेवढ्या तत्परतेने बाजूला झाला.

नंबरीने ब्रेक दाबला. खुर्ची थांबली. त्याच्या मनात, देवाशपथ, एक नालायक आशा डोकावली, की ब्रेक ठीकच आहे. मग खुर्चीने आतल्या आत काहीतरी कुरकुर केली आणि ती निघाली.

आधी हळूच, मग भरभर. त्याने ब्रेक दाबला, सोडला, दोन्ही हातांनी दाबला. पहिलं घर मागे गेलं. त्याच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो शब्द नव्हता, ती किंकाळी होती असं ड्रायव्हर आजही सांगतो.

"पाय वर!" मागून आवाज आला. "पाय वर घे! डावीकडे झुक! खांद्यातून झुक, मान काय वाकडी करतोस!"

त्याने पाय वर घेतले. तो खांद्यातून झुकला. खुर्ची डावीकडे वळली आणि थेट वाळूच्या ढिगात घुसली, आणि तो तिच्या पुढे, तोंडावर, कोपरांपर्यंत वाळूत गेला.

मान वर केली तेव्हा खुर्ची त्याच्या शेजारी उताणी पडली होती, चाकं अजून फिरत होती. सीटखालची पट्टी उन्हात चकाकत होती. नंबर अगदी स्पष्ट दिसत होता. यादीतलाच. इतका सुवाच्य नंबर त्याने उभ्या नोकरीत वाचला नव्हता.

ड्रायव्हर त्याला झटकत झटकत वर घेऊन आला. बाईंनी त्याला नखशिखांत बघितलं, काही मोडलंय का ते तपासायला असावं. दाताखाली वाळू करकरत असताना तो म्हणाला, "तुम्हाला जास्त लागलं असतं तर मी काय केलं असतं? मला माफ करा."

बाईंच्या आवाजातला टोमणा आता गेला होता. "चूक कोणाचीही होते," त्या म्हणाल्या. "खोकं बदललं, बदललं. पण मी फोनवर सांगत होते तेव्हा तुम्ही मला म्हातारी झालेय, हात भरकटतोय असं ठरवून टाकलंत. कोपर बरं होईल. पण त्यानंतरचे दोन दिवस मीच माझ्या हाताकडे संशयाने बघत होते. चहाचा कप उचलतानासुद्धा."

कोणाला तरी खुर्चीखाली वाकून पट्टी बघायला सांगा, एवढं जरी नंबरी फोनवर म्हणाला असता, तरी सगळं तिथेच मिटलं असतं. ते म्हणायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. त्याने खाली बघितलं. बुटातून वाळू सांडत होती.

"जायचं कुठे होतं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"तलावावर. चौकाच्या पलीकडे आहे. फाटकापुढे बांधकामावरच्या कोणाला तरी खुर्ची धरायला लावणार होते. खुबा मोडल्यापासून गेले नाही. खुर्ची त्यासाठीच घेतली, पण डॉक्टरांनी बाहेर पडायला आता कुठे परवानगी दिली. म्हटलं, पोहता नाही आलं तरी ओरडता तर येईल."

त्याने ड्रायव्हरला गोदामातली खुर्ची आणायला पाठवलं. जी पहिल्या दिवसापासून बाईंची होती, ती. मग कट्ट्यावर बाईंच्या शेजारी बसून मालकीणबाईंना फोन केला.

"यादी चुकली का?" मालकीणबाईंचा आवाज घाबरलेला.

"यादी बरोबर होती. मी चुकलो," तो म्हणाला, आणि खुर्च्यांची अदलाबदल कशी झाली ते त्याने न अडखळता सांगितलं. भाषणाचा भाग जरा भराभर उरकला.

मग मालकीणबाई म्हणाल्या, "बाई बऱ्या आहेत ना? मग उद्यापासून बॅटरीच्या खुर्च्यांचं एकूण एक खोकं उघडून पट्टी तपासा."

"उघडतो."

"आणि हे बघा, परत भरताना तुम्ही हात लावू नका. ताई भरतील."

शेजारी बसलेल्या बाईंना फोनमधलं सगळं ऐकू येत होतं. त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हलत होते.

खुर्ची आली. नंबरी न सांगता जमिनीवर आडवा झाला आणि त्याने पट्टीवरचा नंबर मोठ्याने वाचला. बाईंनी तो पुन्हा वाचायला लावला. मग ड्रायव्हर खुर्चीत बसला, उतरणीवर ब्रेक दाबला, आणि खुर्ची खिळल्यासारखी उभी राहिली. ड्रायव्हरने दोन्ही हात वर करून दाखवले. तेव्हा कुठे बाईंनी स्वतःला तिच्यात बसवू दिलं. खराब खुर्ची व्हॅनमध्ये टाकून ड्रायव्हर गोदामाकडे गेला, आणि बाईंच्या खुर्चीशेजारून नंबरी चालत निघाला, अंगभर वाळू, हातात त्यांची पिशवी.

तलावावर दुपारचा वर्ग चालू होता. निळ्या फरशा, नाकात झोंबणारा औषधाचा वास, छतावर आदळून परत येणारे आवाज. बाई दारातून आत आल्या तेव्हा पाण्यातली एक मध्यमवयीन बाई पोहता पोहता थांबली, तिने डोळ्यांवरचा चष्मा वर केला आणि ती जोरात ओरडली, "कोचबाई!" मग बाकीच्याही थांबल्या. कोणी पायऱ्या चढून आल्या, कोणी काठाला धरून लोंबकळत राहिल्या. सगळ्या ओल्या हातांनी बाईंचे हात धरत होत्या. बाईंनी ते थोडा वेळ चालू दिलं. मग त्या पट्टी बांधलेला हात उंच करून म्हणाल्या, "पुरे. तुझी लाथ अजून तशीच आहे का, सायकल चालवल्यासारखी? दाखव."

पुढचा तासभर त्या ओरडत होत्या, आणि फाटकाशी ज्या दोरी घेऊन बसल्या होत्या त्याच या बाई यावर नंबरीचा विश्वास बसत नव्हता. तो भिंतीशी पिशवी धरून उभा होता. आपण इथे कोणाच्याच उपयोगाचे नाही, हे त्याला कळत होतं, आणि नवल म्हणजे त्याचं काही वाटत नव्हतं.

गोदामातली सगळी खोकी पुढच्या काही दिवसांत उघडली गेली. नंबरी पट्टी वाचायचा, ताई स्टिकर वाचायच्या. सगळं जुळलं. अख्ख्या गोदामात चुकलेली जोडी ती एकच निघाली. सॉफ्टवेअरमधला शेरा पुसता येत नव्हता, तशी सोयच नव्हती. त्याखाली नवा शेरा तेवढा घालता येत होता. त्याने लिहिलं, गैरसमज ग्राहकाचा नव्हता. मग थोडा विचार करून पुढे स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा लिहिला. हमालांना त्याने स्वतःहून विचारलं, की नंबरीचा अर्थ तुम्ही नेमका कुठला धरता? ते एकमेकांकडे बघू लागले. त्याला उत्तर मिळालं.

ग्राहकाचा फोन आला की तो आता पहिल्यांदा विचारतो, "नेमकं काय झालं ते सांगा," आणि पडद्याकडे नंतर बघतो. दर वेळी जमतं असं नाही. कधी कधी बोटं आपोआप आधी बटणांकडे जातात.

आणि त्या दिवशी तलावावरून निघताना आणखी एक गोष्ट झाली. बाईंनी खुर्ची वळवली आणि त्याला विचारलं, "पोहता येतं?"

"नाही."

"रविवारी सकाळी या. नवशिक्यांना मी स्वतः बघणार आहे आता."

तो गेला. पहिल्या रविवारी नुसता काठावर पाय सोडून बसला. दुसऱ्या रविवारी बायको बरोबर आली, गंमत बघायला. ती कोचबाईंच्या शेजारी बाकावर बसली, आणि दोघींचं लगेच जमलं, हे त्याला पाण्यातून दिसत होतं. तो छातीभर पाण्यात उभा होता, दोन्ही हातांनी काठ गच्च धरून.

"तोंड पाण्यात घाला आणि श्वास सोडा," कोचबाई ओरडल्या.

"आधी घेऊ ना?"

"तुमच्यात आधीच खूप भरलाय. सोडा!"

बायको खो खो हसली. त्याने डोळे मिटले, तोंड पाण्यात घातलं आणि सोडला.